दोन दिवस फक्त पातळ

३ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच टाकून देशील, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ती तशी नाही. सात वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलेल्या जावा आम्ही. मधे चौदा वर्षं गेली म्हणून काय नातं तुटतं?

काम तसं छोटंच आहे. गेले काही महिने मला जेवताना जरासा त्रास होतो. फार नाही. घास छातीत मधेच थांबतो, वर पाणी प्यायलं की उतरतो. माझं जुनं आम्लपित्त तुला माहीतच आहे. इथल्या डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि म्हणाले, आम्लाने अन्ननलिका खालच्या टोकाला आक्रसली आहे, वाईट काही दिसत नाही, पण दुर्बीण घालून फुग्याने रुंद करून घ्यावी लागेल. तुमच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे खिडकीवर गेले तर एकदम एप्रिलची तारीख! मग खिडकीतल्या माणसानेच सांगितलं की दुर्बिणीच्या खोलीतल्या तारखा कोण लावतं ते. नाव ऐकलं आणि म्हटलं, अगं बाई, ही तर आपलीच!

तेव्हा याच महिन्यात कुठे बसवता आलं तर बघ. २८ तारखेला आप्पांना ऐंशी पूर्ण होतात. चाळीस माणसं जेवायला सांगितली आहेत. सासऱ्यांच्या ऐंशीला थोरली सूनच ताटावरून उठली असं व्हायला नको. घरात ह्यांच्याशिवाय मी कुणाला काही बोललेले नाही, उगाच चर्चा कशाला?

बिट्टी मजेत आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली, उंचीने माझ्या वर गेली. अधूनमधून तुझी आठवण काढते. मागचं मनात ठेवू नकोस.

तुझी,
जाऊबाई


९ जानेवारी

जाऊबाईंना,

आशीर्वाद पोचले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढवाची हरकत नाही, पण गाढवाला जरा चौकशी करू द्या.

त्रास जरासा आहे असं लिहिलंत. जराशा त्रासावर तुमचेच उपाय आहेत आणि ते मला तोंडपाठ आहेत. मन घट्ट करावं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा. चारचौघांत आपल्याकडे लक्ष वेधून घ्यायची सवय सोडावी. माहेरचे लाड विसरावेत. एवढं करूनही घास उतरला नाही तर मनाच्या डॉक्टरांकडे जावं. त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेलच, माझा दंड धरून तुम्हीच मला तिथे नेलं होतंत.

आता कामाचं. २९ जानेवारी, सकाळी आठ. त्याआधी २७ आणि २८, दोन दिवस फक्त पातळ. पाणी, चहा, सरबत, गाळलेलं सूप. चावावं लागेल असं काहीही नाही. २९ला उठल्यापासून पाणीही नाही. आक्रसलेल्या नळीत अन्न तुंबून राहतं आणि गुंगी दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो. म्हणून आत शीत जरी दिसलं तरी आमचे डॉक्टर दुर्बीण बाहेर काढतात आणि पेशंटला घरी पाठवतात. पाया पडलं तरी ऐकत नाहीत.

२८ला तुमच्याकडे काय आहे ते मी वाचलं. तारीख २९च आहे.

फोन करू नका. तोंडी बोललेलं तुम्ही नंतर वेगळंच सांगता, हे मी एकदा भोगलंय. काय ते लिहून कळवत जा. आणि बिट्टी माझी आठवण काढते म्हणालात. मी गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. नेमकी कुठली आठवण काढते, तेही लिहा.

धाकटी


३० जानेवारी

धाकटे,

सूड घेतलास ना? मिळालं समाधान?

चाळीस माणसांत मी सूपचा कप घेऊन बसले. दहा मिनिटं नाही झाली तर वन्संनी हटकलं, "काय वहिनी, ताट कुठंय तुझं? नवं फॅड का?" सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. आप्पांनी थरथरत्या हाताने केकचा तुकडा माझ्या तोंडाशी धरला. काय करायला हवं होतं मी? सांगू सगळ्यांना, की मला घास गिळता येत नाही? मी सांगायचं? मी केक खाल्ला. मग वन्संनी वाढलेला भात खाल्ला, पाव खाल्ला. हसत हसत खाल्ला आणि हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले. नळ सोडला आणि घशात बोटं घालून जेवढं येईल तेवढं काढलं. बाहेरून बिट्टी दार वाजवतेय, "मोठी आई, बरी आहेस ना गं?" मी म्हटलं, हात धुतेय.

काल तू माझ्या डोक्याशी उभी. तोंडावर मास्क, नुसते डोळे. दातांमध्ये ती प्लास्टिकची रिंग बसवलीस आणि बाकीच्यांना देतात ती गुंगी मला नाही. नुसता घसा बधिर करून, जागी असताना ती काळी नळी घातलीत. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तुझे डॉक्टर म्हणतात, "भात दिसतोय. आणि हा केक आहे का?" खोलीतली ती दुसरी नर्स फिसकन हसली. जागच्या जागी मेलेलं बरं असं झालं. आणि पथ्याची चौकशी सोडली तर चौदा वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ते एवढंच, "झालेलं नाही, नवी तारीख घ्या."

हे आले होते सोबत. त्यांना सांगितलं, मशीन बिघडलं.

अकरा किलोंनी उतरलेय मी. घरात सांगते, साखर सोडली. जेवायला सगळ्यांच्या आधी बसते, नाहीतर सगळ्यांच्या नंतर. आडवं झालं की दुपारचं खाल्लेलं नाकातोंडात येतं म्हणून तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. भूक लागते गं. सपाटून भूक लागते आणि ताट समोर आलं की भीती वाटते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माणुसकी असेल तर लवकरची तारीख दे.

जाऊबाई


५ फेब्रुवारी

जाऊबाईंना,

होय. तारीख ठरवून दिली. समाधान मिळालं का विचारलंत. अर्धं मिळालं.

गुंगीचं सांगते. खोलीत आल्या आल्या मी तुम्हाला विचारलं होतं, दोन दिवस काय घेतलंत? तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, "फक्त सूप." तुम्ही खोटं बोलताना डाव्या हाताने पदराशी चाळा करता, तसा केलात. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, पेशंटचा भरवसा नाही, गुंगी न देता आधी बघून घ्या. गुंगी दिली असती तर आप्पांच्या केकने आज तुमचा फोटो भिंतीवर लागला असता. तेव्हा माणुसकीचं मला शिकवू नका.

आता तुमचं पत्र मी पुन्हा वाचते. नळ सोडून ओकणं. सगळ्यांच्या आधी नाहीतर नंतर जेवणं. उशांना टेकून झोपणं. भूक आणि भीती. जाऊबाई, यातलं एकेक वाक्य मी तुम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तुमच्याजवळच सांगितलं होतं, कारण घरात दुसरी बाई तुम्हीच होतात. आणि मी न्हाणीघरात असताना दाराबाहेर उभं राहून तुम्ही माहेरपणाला आलेल्या वन्संना म्हणालात, "बघा, बोटं घालून काढतेय. सगळी नाटकं, माहेरी जायची." पाणी वाहत होतं तरी मला ऐकू आलं.

मग तुमच्या दिरांनी तुमचं ऐकलं. त्यांना स्वतःचं मत कधी होतं? मनाच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मी चौतीस किलो झाले. बिट्टीला उचलून कडेवर घ्यायचं बळ राहिलं नाही तेव्हा तुम्ही बैठकीत सगळ्यांपुढे म्हणालात, "पोर वेडीच्या हातात नको." एका बॅगेसकट मला माहेरी सोडलं.

दादाने मला इथे आणलं. आमच्या डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाचा फोटो काढला. माझं तुमच्यासारखं नव्हतं, आम्लाचा काही संबंध नव्हता. अन्ननलिकेच्या खालची झडप उघडतच नव्हती, वर सगळं तुंबत होतं. फुगा घालून ती ताणली. चाळीस मिनिटं लागली. महिन्याभराने पुन्हा एकदा, तेव्हा पंचवीस. ज्या दुखण्यापायी माझा संसार गेला आणि पोर गेली, ते एवढ्या वेळाचं काम होतं.

बरी झाल्यावर तीनदा तुमच्या दारात आले. तिन्ही वेळा दार तुम्हीच उघडलंत. तिसऱ्यांदा म्हणालात, "ती तुला घाबरते. यायचं बंद कर." मी बंद केलं, हा माझा मूर्खपणा. त्यानंतर मी याच खोलीत दुर्बिणी धुवायच्या कामाला लागले, पुढे शिकले, आता फुग्याचा पंप माझ्या हातात असतो आणि तारखांची वहीही.

तर नवी तारीख २४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी आठ. सोबत नातेवाईक लागतो, तुम्हाला माहीत आहे. फुगा घालण्याआधी डॉक्टर त्या नातेवाइकाला समोर बसवून पंधरा मिनिटं सगळं समजावतात. गिळायला का अडतं, किती प्रकार असतात. भिंतीवर दोन फोटो आहेत. एक तुमच्यासारख्या दुखण्याचा. दुसरा माझा. डॉक्टर दर वेळी त्याच्यावर बोट ठेवून म्हणतात, "ही बाई चौतीस किलोची होऊन आली होती. घरच्यांनी वेडी ठरवली होती. हिच्या मनाला काही झालं नव्हतं, झडप उघडत नव्हती." दर वेळी, शब्द न बदलता.

सोबत बिट्टीला आणायचं.

दुसऱ्या कुणाला आणलंत तरी तुमचं काम होईल. मला ते अडवता येत नाही आणि अडवणारही नाही. पण मग तुमचं ३० जानेवारीचं पत्र मी बिट्टीच्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवीन, सोबत माझी चिठ्ठी जोडून. नळ सोडून कोण ओकतं, ते तिला तुमच्याच अक्षरात वाचू दे.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी सगळी पत्रं घेऊन मी तुमच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. पेशंटला धमक्या देतेस? नोकरी जाईल. कोण कुठली होतीस, आमच्या घरात आलीस म्हणून चार लोकांत बसायला शिकलीस!

आणि बिट्टीवर हक्क सांगू नकोस. जन्म देऊन आई होता येत नाही. तिला गोवर आला तेव्हा अकरा दिवस मी उशाशी बसले. गणितात नापास झाली तेव्हा शाळेत मी गेले. पहिल्यांदा अंगावरून गेलं तेव्हा रडत माझ्याकडे आली. तू कुठे होतीस?

बिट्टी माझी आहे. ती येणार नाही.

जाऊबाई


१२ फेब्रुवारी

जाऊबाईंना,

चोराच्या उलट्या बोंबा. खुशाल दाखवा पत्रं. डॉक्टर वाचतील आणि पहिलं तुम्हाला विचारतील, पथ्य सांगितलं असताना भात का खाल्लात. मग मला विचारतील. मी काही लपवणार नाही, नोकरी गेली तर जाईल. माझं याहून मोठं एकदा गेलेलं आहे.

मी कुठे होते विचारता? गोवर आला हे मला आज कळलं, तुमच्या पत्रातून. तेव्हा कळवलं असतंत तर बारावा दिवस मी बसले असते.

भाताचं शीतही उतरत नाही आणि तोराही उतरत नाही तो नाहीच. सुंभ जळाला तरी पीळ तसाच.

२४, सकाळी आठ. बिट्टी.

धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटीस,

काल पाणीही थांबलं. एक घोट पाणी, छातीत गोळा होऊन बसलं. दोन तासांनी उतरलं. त्या दोन तासांत ठरवलं की तुला लिहायचं.

मला माहीत होतं.

तू नाटक करत नव्हतीस हे मला माहीत होतं. सगळे लग्नाला गेले होते, तू एकटी घरी होतीस. आहेराचं पाकीट विसरलं म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तुला कळलं नाही. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होतीस. वाटीत मऊ भात, बाजूला तांब्या. एक घास घेतलास. उठून उभी राहिलीस. हात वर केलेस, छाती चोळलीस, पाणी प्यायलीस, येरझाऱ्या घातल्यास. सगळं परत आलं. तोंड पुसलंस आणि पुन्हा बसून दुसरा घास घेतलास. मी दाराआडून पाच घास बघितले. नाटक करणारी बाई कुणी नसताना नाटक कशाला करील? मी पाकीट घेतलं आणि आवाज न करता निघून गेले.

त्याच आठवड्यात मी भाऊजींना म्हटलं, हिला मनाच्या डॉक्टरांना दाखवा.

का, ते आता लिहितेच. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. तुला उचलवत नव्हतं म्हणून बिट्टी माझ्याजवळ निजायला लागली. एके सकाळी अर्धवट झोपेत तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि मला आई म्हणाली. तू बरी झालीस तर ती परत तुझ्या खोलीत जाणार, हे मला दिसत होतं. तू बरी व्हायला नको होतीस मला. तू मरावीस असं मात्र कधी मनात आलं नाही, एवढं खरं मान.

आता माझ्या अक्षरात तुझ्याकडे सगळं आहे. मला हवी ती शिक्षा दे. वन्संना सांग, भाऊजींना सांग, चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फास. पण बिट्टीला आणायला लावू नकोस. पदर पसरते तुझ्यापुढे. मला दुसरं कुणी नाही.

जाऊबाई


१९ फेब्रुवारी

२४ फेब्रुवारी, सकाळी आठ. २२ आणि २३, दोन दिवस फक्त पातळ.

दोघी या.


८ मार्च

धाकटीस,

तू बघितलंसच सगळं, तरी लिहिते. तू काचेपलीकडे होतीस, आतलं तुला ऐकू आलं नसेल.

डॉक्टरांनी बिट्टीला समोर बसवलं. पहिला फोटो दाखवला, मग दुसरा. तू लिहिलं होतंस तेच शब्द. चौतीस किलो, घरच्यांनी वेडी ठरवली. बिट्टी म्हणाली, "मग बरी झाली का ती?" डॉक्टर हसले, "झाली म्हणजे काय! आता तीच तुमच्या मोठ्या आईच्या डोक्याशी उभी राहणार आहे." बिट्टीने फोटोच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. बोटांवर वर्षं मोजली. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. हुशार आहे गं पोर. तिला आणखी काही सांगावंच लागलं नाही.

तू रिंग बसवलीस तेव्हा वाटलं, आज ही पंप जरा जास्त दाबेल आणि नळी फाटली म्हणून सांगेल. गुंगी चढताना तुझा हात कपाळावर होता एवढं आठवतं.

आठवडाभर पातळावर काढला, मग पाव खाल्ला. उतरला. काही न थांबता, आपोआप उतरला. मी ओट्याशी उभी राहून रडले. मग बटाटा, भात, परवा अख्खं ताट जेवले. ताटासमोर मी एकटीच होते. बिट्टी नाही. आलो त्या संध्याकाळी तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं, पाच घासांसकट. ती ओरडली नाही, रडली नाही. बॅग भरली आणि मैत्रिणीच्या खोलीवर गेली. फोन उचलत नाही. ह्यांनीही माझ्याशी बोलणं टाकलं आहे. भूक लागते, अन्न उतरतं आणि जेवावंसं वाटत नाही.

गरज सरो वैद्य मरो असं करायचं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. माफ कर मला. आणि ती तुझ्याकडे आली असेल, तर तिला म्हणावं, एकदा नुसती दारात येऊन जा.

जाऊबाई


१५ मार्च

माफी मागितलीस. मी देत नाही. आणि पाच घास उभं राहून मोजणाऱ्या बाईला यापुढे अहो-जाहोही करणार नाही.

तू म्हणतेस, वाटलं पंप जास्त दाबेल. दाबाचा काटा मी असा बघत होते, की आजवर कुणाच्या वेळी बघितला नसेल. डॉक्टर सांगतील तेवढाच दाब, सांगतील तेवढीच सेकंदं. तुझ्या नळीला केसाएवढा धक्का लागू दिला नाही. तू गेली असतीस तर मला जे हवंय ते द्यायला कुणी उरलं नसतं.

तुझं एका फुग्यात भागणार नाही. जुना व्रण आहे, पुन्हा आक्रसतो. २४ मार्चला दुसरी खेप. आम्लाची गोळी चुकवायची नाही. नंतरही वर्षा-दोन वर्षांनी यावं लागेल, कदाचित जन्मभर. प्रत्येक वेळी डोक्याशी मीच असेन आणि प्रत्येक वेळी काम चोख होईल. तू नीट जेवशील, आणि ते माझ्यामुळे जेवशील. मला ते आवडेल.

बिट्टी माझ्याकडे आली होती. मागच्या रविवारी. मी दार उघडलं तर तुझ्याहून उंच मुलगी. चौदा वर्षं मी त्या क्षणाचं बोलणं घोकत होते, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही बऱ्या झालात तेव्हा मला न्यायला का नाही आलात?" मी म्हटलं, तीनदा आले. ती म्हणाली, "चौथ्यांदा का नाही?" तुझ्या नावाने खडे फोडायचे होते, ते फोडता आले नाहीत.

चार दिवस राहिली. मला अहो म्हणते. पाहुणी आल्यासारखी स्वतःचा कप विसळून ठेवते. पहिल्या संध्याकाळी मी हौसेने भाजी केली, वरून शेंगदाणे घातले. तिने ताट हळूच सरकवलं. म्हणाली, "मला शेंगदाण्याने घसा सुजतो. सातवीत असताना हॉस्पिटलात ठेवलं होतं." जाऊबाई, मी लोकांच्या घशात काय अडकलंय ते नळी घालून बघते आणि माझ्या पोटच्या पोरीच्या घशाला काय चालत नाही ते मला ठाऊक नाही. मी तिला मारलंच असतं. त्या भाजीपुढे बसून मी तुझा जेवढा द्वेष केला तेवढा वेडी ठरवलंस तेव्हाही केला नव्हता.

ती परत मैत्रिणीकडे गेली. पुन्हा येईन म्हणाली, कधी ते नाही सांगितलं. तुझ्या दारात येऊन जा असं मी तिला सांगणार नाही. नको जाऊस असंही नाही सांगणार. तिचं ती ठरवेल, आपण दोघींनी तिचं पुष्कळ ठरवून झालं.

तू हवी ती शिक्षा दे म्हणाली होतीस. देते. मला चौदा वर्षं लिहून पाठव. दर आठवड्याला एक पत्र. ती कशाला घाबरायची, कुणाशी भांडली, गोवराच्या अकरा दिवसांत काय काय बरळली, कुठल्या कुशीवर झोपते, कशाला हसते, गणितात नापास झाली तेव्हा तू शाळेत काय बोललीस आणि वाटेत तिला काय खाऊ घातलंस. जे जे तू माझ्या जागी बसून बघितलंस ते सगळं. गाळायचं नाही, सजवायचं नाही, आणि मधे कुठेही माफीचा शब्द नको. लिहिताना तुला रडू येईल ते मला कळवायचं नाही. खोटं लिहिलंस तर मला समजेल, मी बिट्टीला विचारीन.

पहिलं पत्र २४ तारखेला हातात घेऊन ये. तिचा पहिला दात कधी पडला, तिथून सुरू कर.